मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने जायचं असेल तर तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की मित्रांनी मिळून 26 फुटी जुनी बोट घेतलीये, डिसेंबरच्या सुट्टीत मुंबई ते गोवा करायचंय, तर काय काय लागेल. सामानाच्या याद्या तुम्हाला कुठेही मिळतील, मी त्याच्या आधीचं सांगते, सुट्टीची तारीख धरून निघू नका, तिथी बघून निघा.

कोळीवाड्यात कोणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, पहाटे पण आणि दुपारी पण. हा अंदाज झाला, नेमकी वेळ टाइड टेबलमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात, बघायचीच, पण प्लॅन यावरच बसतो. आता वारा बघा. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो, दहा-अकराला मरतो, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो जो गोव्याकडे जाताना पाठीवर मिळतो. मग संकष्टीचा, म्हणजे वद्य चतुर्थीचा, चंद्र बघून जेवायचं, चार-पाच तास झोपायचं आणि पंचमीच्या पहाटे चारच्या सुमाराला मुंबईतून नांगर उचलायचा. भरती नुकतीच उलटलेली असते, ओहोटी तुम्हाला बंदराबाहेर ओढून नेते, मतलई आडवा मिळतो, वद्य पक्षातला चंद्र डोक्यावर असतो त्यामुळे जाळ्यांचे बोये दिसतात (अमावस्येच्या आसपास हेच पाणी काळं कुट्ट असतं आणि डोल जाळ्यांच्या (पाण्यात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या) रांगा अंगावर येईपर्यंत कळत नाहीत). राजपुरीची खाडी साधारण 40 नॉटिकल मैल, साडेचार नॉटने, म्हणजे तासाला साडेचार नॉटिकल मैलांनी, दुपारी एक-दोनला तिथे पोचता, चढत्या पाण्यावर, उजेडात, जंजिरा समोर दिसत असताना. याच्याइतका चांगला मेळ महिन्यात चार-पाच दिवसच बसतो.

उलट केलंत तर काय होतं तेही सांगते. लहान खाड्यांच्या तोंडाशी वाळूची पट्टी असते, ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि दुपारचा वारा आत ढकलतोय अशा वेळी त्या पट्टीवर लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. आम्ही पहिल्या वर्षी अशाच वेळी एका खाडीत शिरायला गेलो, शीड उतरवून नीट बांधून टाकलेलं, आणि इंजिन दोनदा गचका खाऊन बंद पडलं. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षांचा गाळ होता, बंदरात तो शांत बसलेला असतो, समुद्रात दिवसभर हेलकावे बसले की ढवळून फिल्टरमध्ये जातो. नांगर बांधलेला नव्हता म्हणून भावाने लगेच टाकला आणि तो धरला. तासभर तिथेच आपटत बसलो, फिल्टर बदलताना माझे हात एवढे थरथरत होते की स्पॅनर बसेना. म्हणून बोट पाण्यात टाकायच्या आधी टाकीच्या तळातून बाटलीभर डिझेल काढून उन्हात धरा. खाली काकवीसारखा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, दोन-तीन फिल्टर आणि एक इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातली रबरी चकती) जवळ ठेवा, आणि आत शिरेपर्यंत शीड तयार आणि नांगर मोकळा असू द्या.

जुन्या बोटीत मी सगळ्यात आधी बघते ते होज क्लॅम्प, म्हणजे बुडाला जी भोकं असतात त्यांच्या पाइपावरच्या पट्ट्या. आमची एक पट्टी वरून चकचकीत होती, स्क्रू जरा फिरवला तर मागच्या बाजूने पापडासारखी मोडली. ती चालू प्रवासात तुटली असती तर बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला ते पाणी आवरलं नसतं. प्रत्येक पाइपाला दोन-दोन क्लॅम्प लावा आणि शेजारी, पाइप तुटला तर भोकात ठोकायला, त्या मापाची लाकडी गुट्टी दोरीने बांधून ठेवा. मग डोलकाठीच्या तारा बघा, तारेवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवला की तुटलेला धागा लगेच अडकतो. रीफ मारायची, म्हणजे वारा वाढला की शीड गुंडाळून लहान करायची, सवय नांगरावर असताना करा, अंधारात, डोळे मिटून जमेपर्यंत.

नांगराचं गणित बरेच जण चुकतात. ओहोटीला 3 मीटर पाण्यात टाकलात तर भरतीला ते 6 मीटर होणारे, साखळी-दोर त्या सहाच्या हिशोबाने पाचपट सोडायचा. दक्षिणेकडे पाणी कमी चढतं, मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर तर गोव्यात जेमतेम दोन.

कागद आणि सगळ्यांची आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा, 2008 नंतर तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी, शांतपणे दाखवायचं. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चॅनल 16 वर सतत चालू. कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी सुरक्षेचा 1093 हे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि घरी एका माणसाकडे रोजचा मुक्काम लिहून द्या. लाइफ जॅकेट अंधारात अंगावरच, शिवाय बोटीला दोराने जोडलेलं. उलटीची गोळी आदल्या रात्री घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

आता गोवा. मुंबईपासून एकूण 220 नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे टप्पे पडतात. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे अष्टमीला ती संध्याकाळी सहावर जाते आणि डिसेंबरमध्ये तेव्हा अंधार पडतो, पण तोवर तुम्ही जयगड-विजयदुर्गाकडे असाल, ती बंदरं खोल आहेत, तिथे भरतीसाठी अडून राहावं लागत नाही. परतीला मात्र वायव्येचा वारा नाकावर येतो, तेव्हा फक्त पहाटेच्या मतलईवर चालायचं आणि दुपारी बाराच्या आत नांगर टाकायचा, म्हणजे जाताना लागले त्याच्या दुप्पट दिवस धरा. तेवढी सुट्टी या वेळी नसेल तर डिसेंबरच्या संकष्टीला राजपुरीपर्यंत जाऊन या, दोन रात्री तिथे काढा, काय काय गळतंय, काय सैल आहे ते वहीत लिहा, ते दुरुस्त करा आणि जानेवारीच्या संकष्टीला गोव्याला निघा.