आई-बाबांना घेऊन यलोस्टोनला जाताना चालू रँचवरच्या लाकडी घरात राहावं का?

हो, राहा. निदान तीन रात्री तरी राहा, आणि बुकिंगच्या आधी आई-बाबांशी एका गोष्टीवर स्पष्ट बोलून घ्या. तुम्ही लिहिलंय की जूनच्या शेवटी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला जायचंय, बाबांचा जन्म शेतीत गेला, आई शाकाहारी आहेत आणि अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, लिव्हिंगस्टन ते गार्डिनर (उद्यानाच्या उत्तर दारावरचं गाव) या रस्त्यावरच्या रँचवरचं ओंडक्यांचं एक घर बघून ठेवलंय. मी जवळच्या बोझमन शहरात राहते आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांची सोय बहुतेक वेळा त्याच खोऱ्यात, पॅरडाइज व्हॅलीत करते.

बोलायची गोष्ट अशी की रँच म्हणजे गुरं पाळण्याचं मोठं शेत, आणि इथली गुरं मांसासाठी पाळलेली असतात. बहुतेक ठिकाणी काळी, बिनशिंगांची अँगस जातीची. गाईचं दूध कोणी काढत नाही, सगळं वासरू पितं. सहा-आठ महिन्यांनी वासराचं दूध तोडतात आणि थंडीच्या आधी विकतात. वसंतात, काही ठिकाणी जूनमध्येही, वासरांना डाग देतात आणि त्यांचं हंबरणं लांबवर ऐकू येतं. तुम्ही पोचाल तोवर हे काम बहुधा उरकलेलं असेल, तरी मालकाला तारीख विचारा. जेवणाआधी गोग्रास काढणाऱ्या माणसाला हे सगळं तिथे गेल्यावर अचानक कळू नये. आधी सांगितलेली शेतकरी माणसं हे समजून घेतात, मग मालकाशी वैरणीवर आणि बाजारभावावर रंगून बोलतात, हे मी पाहिलंय. आयत्या वेळी कळलेल्यांना रात्री जेवण गेलं नाही, हेही पाहिलंय.

ड्यूड रँच नावाचा दुसरा प्रकार तुम्हाला जाहिरातीत दिसेल. तिथे बहुधा आठवड्याचं पॅकेज असतं, घोड्यावरून फेऱ्या आणि तिन्ही वेळचं जेवण मालकाकडे. ईटन बंधूंनी १८८२ साली नॉर्थ डकोटात पाहुण्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, तिथून हा धंदा वाढला. तुमच्या आईंना आठवडाभर त्या पंगतीत बटाटा आणि सॅलडवर काढावं लागू शकेल. तुम्ही पाहिलेलं, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं घरच बरं.

आता बाबांसाठी. जूनचा शेवट म्हणजे पाण्याचे दिवस. डोंगरावरचं बर्फ वितळून ओढे भरून वाहतात आणि ते पाणी पाटांनी लसूणघासाच्या आणि गवताच्या रानात सोडतात. काही रँचवर फिरते फवारे आहेत, पण जुन्या पद्धतीच्या ठिकाणी माणूस अजूनही फावडं घेऊन पहाटे दारं धरायला जातो. पाटात आडवा दांडा टाकून त्याला ताडपत्री लावतात, पाणी तुंबून रानात पसरतं, मग ती उचलून पुढे नेतात. पाण्याची वाटणी इथे पाळीने होत नाही. ज्याचा हक्क जुना त्याला आधी मिळतं, आणि १८८० च्या दशकातले हक्क आजही चालतात. दुष्काळी वर्षात नव्या हक्कवाल्याचं पाणी आधी बंद होतं. बाबांना हे मालकाच्या तोंडून ऐकू द्या, तुम्ही फक्त दुभाषाचं काम करा. त्यातून हिवाळ्याचा हिशेब निघेल: बर्फ पडलं की एका गाईला रोज साधारण १२ किलो सुकी वैरण घालावी लागते, म्हणून उन्हाळ्यातलं प्रत्येक पाणी आणि प्रत्येक कापणी मोलाची. जूनमध्ये बरीच गुरं डोंगरातल्या कुरणांवर गेलेली असतात, तेव्हा अंगणात कळप दिसेल असं मात्र धरू नका.

घराविषयी. इथल्या घरांना बऱ्याचदा लॉजपोल पाइन वापरतात, सरळसोट वाढणारं झाड. ओंडका सुकताना लांबीला फारसा आखडत नाही, जाडीला आखडतो, त्यामुळे भिंत काही वर्षं खाली बसत राहते. खिडक्या-दारांवर मुद्दाम फट सोडून ती फळीने झाकलेली असते. रात्री गारठा पडला की लाकूड कुरकुरतं, आईंना सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत. झोपायच्या खोल्या पुष्कळदा माळ्यावर असतात आणि जिना उभा असतो. खालच्या मजल्यावर पलंग आणि न्हाणीघर आहे का, हे फोटोवरून ठरवू नका, लिहून विचारा. जूनमध्येही रात्री स्वेटर लागतो.

स्वयंपाकासाठी छोटा कुकर सामानातून आणाच. खोरं समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंच आहे, पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं आणि पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. किराणा बोझमनलाच भरून घ्या. फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. उघड्या लाकडात वास मुरतो आणि पुढचा पाहुणा तक्रार करतो.

रँचवर पाळायचं ते थोडकं आहे, पण काटेकोर. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. उभ्या गवतात चालायचं नाही, ते त्यांचं पीक आहे. गुरं वळणाऱ्या कुत्र्यांना खाऊ घालायचं नाही. नदीकाठी जपा, जूनमध्ये यलोस्टोन नदी गढूळ आणि फार वेगवान असते.

लिव्हिंगस्टन ते गार्डिनर सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे या घरातून मॅमथचे उष्ण झरे आणि लमार खोऱ्यातले बायसन (अमेरिकी गवे) सोयीचे पडतात. ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा गार्डिनरपासून आणखी ९० किलोमीटर आत आहे, त्यामुळे त्यासाठी एक रात्र उद्यानाच्या पश्चिम दारावरच्या वेस्ट यलोस्टोन गावी काढा. मुक्काम एकाच रात्रीचा होत असेल तर मात्र रँच सोडा आणि गार्डिनरलाच हॉटेल घ्या. संध्याकाळी पोचून सकाळी निघालात तर बाबांना पाट दिसणार नाहीत आणि मालकाला बोलायला वेळ नसेल.