विवेक, सूप आणि जड दाणा

खानापूर तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, बायबलमधील पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील ९ व १० ही वचने वाचताना त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अभ्यासवर्गात वाद झाला. देवाच्या दृष्टीने खरोखर महत्त्वाचे काय, हे ओळखण्याला ‘विवेक’ म्हणावे की ‘पारख’?

विवेकवाद, सदसद्विवेकबुद्धी इत्यादी परिचित अर्थांत मी शिरत नाही. मात्र एक चुकीचा अर्थ बेळगावपासून निपाणीपर्यंत इतक्या वेळा कानी पडतो की, त्याविषयी आधी बोलणे भाग आहे. ‘जरा विवेकाने घ्या’ याचा अर्थ ‘गप्प बसा’ असा सर्रास केला जातो. एका मंडळीच्या बैठकीत नाताळच्या रोषणाईच्या खर्चावर तासभर चर्चा चालली होती. तेवढ्यात एका वृद्ध सभासदाने झाडलोट करणाऱ्या बाईंची मजुरी थकल्याची आठवण करून दिली, तेव्हा त्यांना हाच सल्ला मिळाला. त्या बैठकीत विवेक कोणी केला असेल, तर तो त्या वृद्धानेच केला होता. संयम हा चांगला गुण आहे, परंतु तो विवेक नव्हे.

संस्कृतातील ‘विच्’ या धातूचा अर्थ वेगळे करणे असा आहे, आणि ‘वि’ हा उपसर्ग लागल्यावर त्याचा एक जुना, ठोस अर्थ म्हणजे धान्य पाखडून किंवा वाऱ्यावर धरून दाणा व फोल वेगळे करणे. म्हणजे विवेक हा शब्द ध्यानाच्या आसनावर नव्हे, तर खळ्यावर बसलेला आहे. मराठीनेही हीच वाट धरली. आपण तांदूळ निवडतो, आणि भांडणाचा निवाडा करतो. आपल्या शेजारच्या कन्नडात ‘आरिसु’ हे एकच क्रियापद तांदळातले खडे वेचायलाही चालते आणि उमेदवार निवडून द्यायलाही चालते. ग्रीक भाषेत न्याय करणे या अर्थाचे ‘क्रीनो’ हे क्रियापदही मुळात चाळण्याचे, वेगळे करण्याचेच आहे. ‘वेचणे’ हा शब्दही याच ‘विच्’चा नातलग असावा, असे माझे ठाम मत आहे. तो ‘वि’ आणि ‘चि’ यांपासून आला असे सांगणाऱ्यांना रूपाचा आधार मिळतो हे मी मान्य करतो. परंतु सुगीनंतर रानात भुईमुगाच्या शेंगा वेचणाऱ्या बाईचा हात त्यांनी पाहावा, कारण तो हात केवळ गोळा करत नाही, तर पोकळ शेंग बोटांनी ओळखून टाकून देतो.

आता पौलाचा शब्द पाहू. मराठीत आपण ‘जे श्रेष्ठ ते’ असे वाचतो, तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘ता दियाफेरोन्ता’ असे आहे. ‘दिया’ म्हणजे अलग, आणि ‘फेरो’ म्हणजे वाहून नेणे. हा ‘फेरो’ आपल्या ‘भृ’ या धातूचा सख्खा भाऊ आहे, आणि ‘भृ’पासूनच आपला ‘भार’ आला. अलग वाहून नेले जाते ते भिन्न, आणि भिन्नतेतूनच पुढे ‘सरस’ हा अर्थ आला. उफणणी करताना वारा फोल दूर वाहून नेतो आणि भरीव दाणा पायाशी पडतो, हे दृश्य मला या शब्दात स्वच्छ दिसते. पौलाच्या मनात खळेच होते असा माझा दावा नाही; मात्र बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी ख्रिस्ताच्या हातातले सूप आहेच.

सुपात जे टिकते ते वजनाने टिकते. मत्तय २३:२३ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, म्हणतो की, तुम्ही पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश देता, परंतु नियमशास्त्रातील न्याय, दया व विश्वास या गोष्टी सोडून देता. मराठीत या गोष्टींना ‘मुख्य’ म्हटले आहे. मूळ शब्द ‘अधिक जड’ असा आहे, आणि तो गमावल्याची मला खरोखर हळहळ वाटते. जिऱ्याच्या दाण्यासमोर न्यायाचे वजन ठेवणारे ते वाक्य आहे. आणि देवाचे ‘गौरव’ हा आपल्या प्रत्येक उपासनेतला शब्द? गुरु म्हणजे जड, त्यापासून गौरव. आणि ज्या हिब्रू ‘काबोद’चे हे भाषांतर आहे, त्याचाही धातू जड असण्याचाच आहे. दोन परक्या भाषाकुळांत वैभवाचे मूळ वजनातच सापडावे, याचा आनंद मला अनेक वर्षे पुरला आहे.

काही जण सांगतात की, विवेक हा नित्यानित्यविवेकातला, म्हणजे शाश्वत व अशाश्वत यांतला भेद ओळखण्याचा, अद्वैताचा शब्द असल्यामुळे ख्रिस्ती लेखनात तो टाळून पारख वापरावा. हे मत मला पूर्णपणे चुकीचे वाटते. धान्य पाखडण्याच्या कामावर कोणत्याही दर्शनाची मालकी नाही, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या याच दोन वचनांत भाषांतरकारांनी विवेक हा शब्द न संकोचता घातला आहे.

पारख ‘परीक्षा’पासून आली. नाणे खरे की खोटे हे तपासतात ती पारख, आणि त्या वचनातले पौलाचे ‘दोकिमाझो’ हे क्रियापद याच जातीचे आहे. तेव्हा वादातील दोन्ही बाजूंकडे अर्धे अर्धे वचन आहे: क्रियापद पारखण्याचे, कर्म निवडून वेगळे काढण्याच्या गोष्टींचे. एकच शिकवण खरी की खोटी हे पाहायचे असेल तेथे पारख म्हणा. रोषणाई आणि थकलेली मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच सुपात आल्या असतील, दोन्ही आपापल्या जागी खऱ्या असतील, आणि देवाच्या दृष्टीने जड कोणती हे ठरवायचे असेल, तर तेथे विवेक हाच शब्द हवा.