जोर कधी लावायचा?

नववा लागलाय, परळीला माहेरी आलीयेस. आजी म्हणतात पहिल्या कळेपासून जोर लाव, मावशी म्हणते सिस्टर ओरडतील तेव्हाच लाव. खरं काय, असं विचारलंयस. बीड जिल्ह्यात लेबर रूममध्ये नर्स म्हणून नोकरी केली, त्यावरून सांगते: दोघींचंही ऐकू नको.

सुरुवातीच्या कळा गर्भपिशवीचं तोंड उघडण्यापुरत्याच असतात. ते दहा सेंटिमीटर उघडायच्या आत जोर लावलास तर नुसती दमशील, शिवाय पिशवीच्या त्या तोंडाला सूज येऊ शकते. पहिलटकरणीला वेळ लागतोच. तोवर चाल, खिडकीचा गज धरून वाक, कुशीवर पड, पाणी पी. लघवी तुंबवू नको.

मग बाळाचं डोकं खाली सरकतं. त्याचा दाब पडला की मेंदूतून ऑक्सिटोसिन (कळा आणणारं संप्रेरक) वाढतं, कळ जोराची येते, डोकं आणखी दाबतं. फर्ग्युसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९४१ साली सशांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं, म्हणून शरीराच्या या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेला म्हणतात फर्ग्युसन रिफ्लेक्स (पुण्याच्या कॉलेजचा काही संबंध नाही!). बाईच्या तोंडी तो वेगळाच येतो: "सिस्टर, संडासला लागलंय." हे ऐकलं की आम्ही हातातलं काम टाकून धावायचो. बोलता बोलता तिचा श्वास अडकतो, घशातून जाड हुंकार निघतो, बोटं कॉटच्या दांडीला आवळतात. अशा वेळी एकटी संडासात जाऊ नको, तपासून घे. तोंड पूर्ण उघडलं असेल तर शरीर रेटेल तसा जोर लाव, कळ ओसरली की सैल सोड. श्वास कोंडून आकडे मोजायची गरज नाही. डोकं बाहेर दिसायला लागलं की मात्र सिस्टर सांगतील तसं जोर थांबवून फू-फू कर. हळू आलं तर फाटायची भीती कमी.

खूप घाबरलं तर अड्रेनालिन (भीतीच्या वेळी वाढणारं संप्रेरक) वाढून कळा मंदावू शकतात. सरकारी दवाखान्यात सोबतीला स्वतः बाळंतपण झालेली एक बाई ठेवायला केंद्राने २०१६ मध्ये परवानगी दिलीये. कमी बोलणारी निवड, म्हणजे बहुतेक आजी नकोत!

वरून कुणी पोट दाबायला लागलं तर स्पष्ट नाही म्हण. घरी कुणाकडून 'कळा वाढवायचं' इंजेक्शन तर अजिबात घेऊ नको, त्यात पिशवी फाटू शकते. बाळ झाल्यावर रक्तस्राव आवरायला दवाखान्यात देतात ते मात्र घे.

पाणी हिरवट गेलं, रक्त जायला लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा लेकराची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न बघता १०८ ला फोन कर.