जुना सोर्स कोड : वाचकांचे प्रश्न

आमच्या पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम १९९९ साली व्हिज्युअल फॉक्सप्रो ६ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-भाषेत लिहून घेतला होता. पावत्या मराठीत निघायच्या. आता सगळं काम नव्या सॉफ्टवेअरवर चालतं. जुनी ईएक्सई फाइल (चालवायचा तयार प्रोग्रॅम) अजून सुरू होते, मग सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) जपायची गरज आहे का? – सांगली

आहे. ईएक्सई व्याजाचा आकडा देते, पण तो कसा काढला ते दाखवत नाही. वर्ष ३६५ दिवसांचं धरलं की ३६० चं, ठेव मुदतीआधी मोडली तर कुठला दर लावला, पैसे रुपयांत पूर्ण कुठे केले, हे सगळं बहुतेक वेळा कोडमध्येच असतं. ठरावाच्या वहीत सापडत नाही. पंधरा वर्षांनी कुणी जुन्या खात्यावर हरकत घेतली तर हेच लागेल. फॉक्सप्रोच्या ईएक्सईतून रिफॉक्ससारख्या साधनांनी बराचसा कोड परत काढता येतो, हे खरं. पण लिहिणाऱ्याने शेजारी लिहिलेल्या टिपा कंपाइल करतानाच, म्हणजे कोडची ईएक्सई बनवतानाच, गळून गेलेल्या असतात, आणि ‘असं का केलं’ याचं उत्तर तिथेच असतं.

जपताना फक्त पीआरजी फायली (नुसत्या कोडच्या) उचलू नका. ही चूक फार होते. फॉर्मचा (पडद्यावरच्या माहिती भरायच्या खिडकीचा) एससीएक्स आणि एससीटी असा फायलींचा जोड असतो. बटणामागचा कोड मेमो फील्डमध्ये (लांब मजकुराच्या रकान्यात), म्हणजे एससीटीत असतो. ती घ्यायची राहिली तर फॉर्म उघडतच नाही. व्हीसीएक्स-व्हीसीटी (क्लास लायब्ररी), एफआरएक्स-एफआरटी (रिपोर्ट), पीजेएक्स-पीजेटी (प्रोजेक्ट) या जोड्यांचंही तसंच, आणि डेटाच्या डीबीएफ फाइलबरोबर तिची एफपीटी असेल तर तीही हवी. बाहेरून आणलेले जोडभाग (ओसीएक्स, एफएलएल), कॉन्फिग फाइल आणि फॉक्सप्रोचा मूळ इन्स्टॉलर, तोही त्याच सर्व्हिस पॅकसह, एकत्र ठेवा. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा अधिकृत आधार २०१५ च्या जानेवारीत संपला; आता इन्स्टॉलर शोधत फिरणं त्रासाचं आहे.

मराठी पावत्यांसाठी त्या काळचा फॉन्टही जपा, अगदी ती टीटीएफ फाइलच. युनिकोडआधीच्या फॉन्टांत अक्षर अक्षर म्हणून साठवलेलंच नसे. इंग्रजी चिन्हाच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की सभासदांची नावं म्हणजे नुसती चित्रविचित्र चिन्हं.

आम्ही असा जुना कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकून सर्वांसाठी खुला करायचं ठरवलं आहे. काय सांभाळावं? – पुणे

सर्वांत आधी, कुठलीही फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका. २०२४ साली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ४.०० चा सोर्स खुला झाला, तेव्हा यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत रूपांतर होताना काही फायलींतली जुनी चिन्हं बिघडली आणि फायलींच्या मूळ तारखाही गेल्या. दुरुस्ती केल्याशिवाय तो कोड बिल्ड होईना, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम बनेना. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कोडचं असं होतं, तर आपल्याकडच्या इस्कीतल्या (भारतीय लिपींच्या युनिकोडआधीच्या संकेतपद्धतीतल्या) टिपांचं काय होईल!

म्हणून मूळ फोल्डरची जशीच्या तशी झिप करा, तिचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढून लिहून ठेवा, फायलींच्या तारखांची यादी वेगळी साठवा. गिट फायलींच्या तारखा जपत नाही. मग गिटॲट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग-फाइलमध्ये टेक्स्ट रूपांतर सर्व फायलींसाठी बंद करा. नाहीतर ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतात. जुन्या आवृत्त्यांची फोल्डरं असतील तर जुन्यापासून क्रमाने एकेक कमिट (गिटमधली नोंद) करा आणि कमिटला त्या आवृत्तीची खरी तारीख द्या. फॉर्मच्या फायली बायनरी (साध्या मजकुराच्या नसलेल्या) असल्याने गिटमध्ये फरक दिसत नाही. फॉक्सबिन२पीआरजी या साधनाने त्यांची मजकूर-प्रत काढून मूळ फायलींशेजारी ठेवा.

डीबीएफमधला खरा डेटा आणि कोडमध्ये थेट लिहिलेले पासवर्ड पहिल्या कमिटच्या आधी काढा. नंतरच्या कमिटमध्ये पुसलेली फाइल इतिहासात शिल्लकच राहते. मालकी कुणाची तेही आधी पाहा. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतला असेल तर हक्क लेखी सोपवल्याशिवाय सहसा त्याचाच राहतो, त्याच्यानंतर वारसांचा. त्यांची लेखी परवानगी घ्या आणि परवान्याची फाइल जोडा.

रिपॉझिटरी (गिटमधलं कोडचं भांडार) खुली झाली की तिचा पत्ता सॉफ्टवेअर हेरिटेजच्या ‘सेव्ह कोड नाऊ’ पानावर द्या. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ साली सुरू केलेला हा संग्रह युनेस्कोच्या भागीदारीत चालतो. होस्टिंगच्या, म्हणजे कोड ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या, भरवशावर राहू नका. गिटोरियस आणि गूगल कोड ही अशी दोन्ही स्थळं २०१५-१६ मध्ये बंद झाली. सॉफ्टवेअर हेरिटेजमध्ये कोडला मिळणारा ओळख-क्रमांक त्यातल्या मजकुराच्या हॅशवरून बनतो. एक बाइट बदलला तरी क्रमांक बदलतो, त्यामुळे हाती आलेली प्रत तीच आहे का, हे कुणालाही तपासता येतं.

फ्लॉपीवरचा कोड कसा काढावा? – पणजी

साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातली छोटी खिडकी आधी उघडी करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. फायली एकेक कॉपी न करता डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या फ्लॉपीची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या, १.४४ एमबीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची हवी. चुंबकीय थरावर बुरशीचे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या फ्लॉप्याही ओरखडेल. सव्वापाच इंचीसाठी साधा यूएसबी ड्राइव्ह चालत नाही. जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखं कंट्रोलर कार्ड लागतं.