जुन्या एमजी बीला पाच गिअरचा बॉक्स बसवल्यापासून 70 च्या वेगाला गाडी थरथरते. बॉक्स परत उतरवू का?

लगेच उतरवू नका. तुमची 1972 ची एमजी बी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळचा चार गिअरचा बॉक्स काढून फोर्डचा पाच गिअरचा टाइप 9 बसवला, प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारी नळी) कापून आखूड केला, लातूरला दोनदा बॅलन्स केला. तरी ताशी 60-70 किलोमीटरला सीटखाली घुमतं, आणि चौथा गिअर मधूनच आपोआप न्यूट्रलला येतो. मला हे दोन वेगळे दोष वाटतात, आणि बॉक्सच्या आतले दात-बेअरिंग दोन्हीत निर्दोष असू शकतात.

आधी थरथर बघू. मोकळ्या रस्त्यावर 70 ला क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घ्या, इंजिन आयडलवर येऊ द्या. घुमणं तसंच राहिलं तर दोष शाफ्टपासून मागे आहे.

क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, कोनात फिरला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हेच उलट करून हिशेब मिटवतो, पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. तुमच्या गाडीत 70 ला शाफ्ट मिनिटाला साधारण 2,400 फेरे घेतो, म्हणजे 4,800 झटके. बॅलन्सिंगच्या मशीनवर फक्त वजनाचा दोष निघतो, हा निघत नाही. म्हणून तिसऱ्यांदा बॅलन्स करण्यात पैसे घालू नका. शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून आधी कान बघा. वेल्डिंग करताना नळी थोडी फिरली असेल, किंवा शाफ्टमध्येच सरकणारा स्प्लाइन (खाचांचा जोड) असून तो जोडताना एखादा दात चुकला असेल, तर तिथेच उत्तर सापडेल.

कान बरोबर असतील तर कोन मोजा. गाडी चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर उचलून, मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग लोंबकळत असताना घेतलेलं माप काही कामाचं नाही. बॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शिअलमध्ये शिरणारा पिनियन शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत, आणि प्रॉपेलर शाफ्टशी प्रत्येकाचा कोन अर्ध्या ते तीन अंशांत हवा. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधले सुईरोलर जागचे हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डा पाडतात. बॉक्सकडचा कोन फाउंडेशनखाली (बॉक्स टेकतो त्या माउंटिंगखाली) पट्ट्या घालून सुधारतो: एक मीटर अंतरावर 10 मिलिमीटर उचललं की अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. मागचा कोन स्प्रिंगचा पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये पाचर देऊन. इथले जीपचे मिस्त्री ती पाचर हमखास जाणतात.

आता चौथा गिअर. टाइप 9 मध्ये चौथा सरळ असतो, इनपुट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकून एकच होतात. त्यामुळे बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं कवच) क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, मध्यावर नसेल तर बहुतेक वेळा चौथाच आधी सुटतो. चिकलठाण्यात आमच्या शेडमध्ये अशीच एक गाडी होती. आम्ही बॉक्स दोनदा खोलला, सिंक्रोचे रिंग बदलले, तरी चौथा सुटतच होता. शेवटी जालन्याचे एक जुने टर्नर आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. क्लच काढून त्यांनी नुसतं बेल हाउसिंग इंजिनाला कसलं, क्रँकबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर डायल गेजचं (काट्याच्या सूक्ष्ममापकाचं) चुंबक चिकटवलं, टोक बॉक्सचं तोंड बसतं त्या भोकाच्या कडेला टेकवलं आणि प्लग काढून क्रँक हाताने फिरवला. काटा हळूहळू वर गेला आणि परत खाली आला. एका फेऱ्यात 0.30 मिलिमीटर, म्हणजे मध्य 0.15 ने सरकलेला. एकूण 0.13 च्या आत हवं. बाहेरून करून आणलेल्या अ‍ॅडॉप्टरची (इंजिन-बॉक्सच्या जोडभागाची) डॉवेलची, म्हणजे जागा पक्की धरणाऱ्या पिनांची, भोकंच सरकलेली होती. मामांनी लेथवर मध्याबाहेरच्या दोन डॉवेल पिना घडवल्या, एकेक थोडी फिरवत बसवल्या आणि काटा 0.05 वर आणून ठेवला. त्यानंतर गाडी पाचोडपर्यंत नेली, चौथा एकदाही सुटला नाही. त्या दोनदा खोललेल्या बॉक्सचा पस्तावा मला आजही आहे, आधी मोजायला हवं होतं. तुम्ही बॉक्स उतरवलातच तर डायल गेज लावल्याशिवाय परत चढवू नका, आणि क्रँकच्या टोकातला पायलट बुश टाइप 9 च्या शाफ्टच्या मापाचाच आहे ना, तेही बघा.

आणखी एक, टनेल (बॉक्सवरचा फुगीर पत्रा) किंवा बॉडी कापून जागा करू नका. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात हवी. तुमची गाडी त्या वयात आलेली आहे, म्हणून मूळ बॉक्सही तेल भरून, गुंडाळून जपून ठेवा.

बॉक्सचा, पिनियनचा आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन मोजून इथे लिहा, कुठे किती पट्टी लागेल ते सांगतो.