गळ उथळात टाकायचा की खोलात?

प्रश्न : फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही मुलीकडे फ्लोरिडात असतो, लेक ओकीचोबीजवळ. जून-जुलैमध्ये भाच्याकडे, मिशिगनमधल्या टॉर्च लेकपाशी. इंदूरला असताना कणकेची गोळी लावून रोहू-कटला बरेच काढले, पण तिथल्या बास माशाचं गणित जमत नाही. एक जण म्हणतो काठ धरा, दुसरा म्हणतो खोल जा. खरं काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोघंही आपापल्या तळ्यापुरते खरे आहेत. आधी कणकेची गोळी विसरा. बास शिकारी मासा आहे, दबा धरून झडप घालतो. त्यामुळे तो किती मीटरवर आहे यापेक्षा त्याला आडोसा आणि भक्ष्य कुठे एकत्र मिळतं, हे शोधायचं.

ओकीचोबी अफाट पसरलेलं आहे, पण सरासरी खोली जेमतेम पावणेतीन मीटर. तिथे ‘खोल पाणी’ शोधायला निघालात तर दिवस फुकट जाईल. तुम्ही जाता तो काळ तर अंडी घालण्याचा. पाणी १६ ते २० अंशांवर आलं की लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या जातीच्या) बासचा नर गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात, कडक तळाच्या जागी घरटं करतो आणि राखत बसतो. म्हणून वाऱ्याच्या आडचे, लव्हाळ्याच्या आतले स्वच्छ पाण्याचे खिसे बघा. मोकळ्या भागात जोराचा वारा सुटला की पाणी गढूळतं. तिथे वेळ घालवू नका.

मांडणी साधी : प्लॅस्टिकचा गांडूळ, त्याच्यापुढे ७ ग्रॅमचं गोळीसारखं सरकतं शिसं, आणि गळाचं टोक गांडुळातच रुतवून ठेवलेलं, म्हणजे गवत अडकत नाही. गवताची जाड गादी असेल तर शिसं २८ ग्रॅमच्या वर न्या, नाहीतर आमिष वरच तरंगत राहतं. दोरी २० ते २५ किलो ताणाची, विणलेली. नवशिक्याचा मासा इथेच सुटतो : बारीक नायलॉन वापरलेला असतो, आणि मासा गवतात शिरला की तो तुटतो.

टॉर्च लेक म्हणजे नेमकी उलटी गोष्ट. हिमनदीनं कोरलेलं, काचेसारखं पाणी, आणि खोली ८० मीटरहून जास्त. इथे मुख्यतः स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाच्या जातीच्या, बासच्या मागे जायचं. जूनच्या सुरुवातीला तो घरट्यापाशी, १ ते ३ मीटरवर दिसतो. तिथले हंगामाचे नियम तपासून घ्या. जुलैत भर दुपारी मात्र ६ ते १० मीटरवर, जिथे उथळ पठार संपून खडकाळ उतरण लागते तिथे जा. पहाटे आणि दिवेलागणीला तोच मासा वर येतो, तेव्हा खोलातच बसून राहणं ही हट्टाची मासेमारी. दोरी ३ ते ४ किलो ताणाची, तळाला १० ग्रॅमचं शिसं, त्याच्या ३० सेंटिमीटर वर गळ. वाऱ्यानं दोरीला पोट आलं की चावा कळत नाही. अशा वेळी शिसं १४ ग्रॅम करा.

अनोळखी तळ्यावर पोचलात तर आधी पाण्याची पारदर्शकता मोजा. २० सेंटिमीटर व्यासाची थाळी घ्या, तिचे चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि होडीच्या सावलीच्या बाजूनं सोडा. दिसेनाशी झाली ती खोली नोंदवा. पाणवनस्पती साधारण त्याच्या दुप्पट खोलीपर्यंत वाढतात, आणि त्यांची बाहेरची कड ही बासची आवडती जागा. थाळी अर्ध्या मीटरवरच गडप झाली तर २ मीटरच्या आतच राहा. ३ मीटरच्या पुढेही दिसत असेल तर दिवसा खोलात उतरा. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे.

कायद्याचं म्हणाल तर दोन्ही राज्यांत पाहुण्यालाही मासेमारीचा परवाना लागतो.

प्रश्न : टेक्ससमध्ये मुलाकडे ऑगस्टमध्ये धरणाच्या जलाशयात १० मीटरवर आमिष सोडलं. उन्हाळ्यात मासे खोल जातात ना? दोन दिवसांत एक चावा नाही.
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तुम्ही बहुधा प्राणवायू संपलेल्या पाण्यात बसला होतात. उन्हाळ्यात गरम, हलकं पाणी वर तरंगतं, थंड पाणी खाली अडकतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरात पालापाचोळा कुजत प्राणवायू खातो आणि वरून भर पडत नाही. गाळ-पाचोळा भरपूर असलेल्या अशा जलाशयांत दोन थरांमधली ही सीमा अनेकदा ५ ते ८ मीटरवरच असते.

ती शोधायला यंत्रच हवं असं नाही. वजन लावलेल्या बाटलीत थर्मामीटर ठेवा, बुचाला वेगळी दोरी बांधा. एकेक मीटर खाली सोडून बूच ओढा, दोन मिनिटं थांबा, वर काढून लगेच वाचा. जिथे मीटरभरात तापमान एक अंशानं किंवा जास्त घसरतं, ती सीमा. फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर संवेदनशीलता वाढवा, पडद्यावर सीमेच्या जागी धूसर आडवा पट्टा उमटतो.

समजा सीमा ६ मीटरवर सापडली. मग ४ ते ६ मीटर खोलीचा तळ जिथे आहे, तिथे जा : पाण्यात घुसलेली टेकडीची सोंड, बुडालेल्या नदीपात्राची कड, उभी झाडं. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन थर मोडतात, तेव्हा हा हिशेब सोडून द्या. छोटे मासे ओढ्यांच्या मुखाशी उथळात शिरतात आणि बास त्यांच्या मागे.

प्रश्न : खोलातून काढलेला बास सोडला तर उलटा तरंगतो. मेला का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : लगेच नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर आणताना त्याची हवेची पिशवी फुगते आणि त्याला खाली जाता येत नाही. हातात धरून फोटो काढत बसू नका. जबड्याला वजनाची चिमटी लावून त्याला पकडलेल्या खोलीपर्यंत सोडा आणि तिथे झटका देऊन मोकळा करा. पिशवी सुईनं टोचण्याचा प्रयोग नवख्यानं करू नये, जागा चुकली की आतले अवयव फाटतात. सोडूनच द्यायचे असतील तर ९ मीटरच्या खाली गळ न टाकलेला बरा.