माळरानावर दिसणारा तपकिरी ससा रानटी आहे की पाळीव सुटलेला, हे कसे ओळखावे?

महाराष्ट्रात माळावर किंवा शेताच्या बांधावर दिसणारा तपकिरी ससा बहुधा रानससाच असतो. त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस असून, आपल्याकडे आणि दक्षिणेत त्याच्या मानेवर मागच्या बाजूला जो काळा पट्टा दिसतो, तीच त्याची सर्वांत खात्रीची खूण होय. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा आणि आखूड पायांचा. रानससा मात्र बीळ खणत नाही, गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून दिवसभर त्यातच दबून बसतो आणि माणूस अगदी पायाशी आल्यावरच उसळून पळतो. त्याची पिल्लेही जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, म्हणून ती एकटी दिसली तरी अनाथ समजून घरी आणू नयेत (ही चूक फार होते). शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

निरीक्षणासाठी तिन्हीसांजेची किंवा पहाटेची वेळ उत्तम. मऊ मातीत मागच्या लांब पावलांचे ठसे पुढच्या पावलांच्याही पुढे उमटलेले आणि जवळच किंचित चपट्या, गोल, वाळक्या गवताच्या लेंड्या आढळल्या, तर वारा त्या जागेकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, दूर, न हलता बसावे.